खाणकामगारांची हिशेबवही

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ रविवारच्या मिस्सानंतर आम्हांला भेटावयास आले. वडिलोपार्जित वाडीचा एक तुकडा त्यांनी विकला होता. आलेली रक्कम घर, मुलीचे लग्न, मोटार आणि कोणा परिचिताच्या सांगण्यावरून पत्करलेली एक योजना यांत सहा वर्षांत संपली होती. “फादर, पैसे गेले कुठं, एवढंच सांगा मला,” असे ते म्हणाले. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो; चक्रवाढ व्याजाचे गणित मात्र शाळा सुटल्यापासून हाती धरलेले नव्हते. आम्हांला उत्तर देता आले नाही.

पुढे कॅनडातील अँटिगोनिश चळवळीचा इतिहास वाचताना हाच प्रश्न आम्हांला पुन्हा भेटला.

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर नोव्हा स्कोशिया हा प्रांत आहे. त्याच्या ईशान्येकडील केप ब्रेटन बेटावर कोळशाच्या खाणी होत्या आणि किनाऱ्याने मच्छीमारांची गावे. खाणकामगार कंपनीच्या घरात राही आणि कंपनीच्याच दुकानातून उधारीने सामान आणी. पगाराच्या दिवशी हाती येई तो एक कागद. घरभाडे, कोळसा, डॉक्टर आणि दुकानाची बाकी वजा जाता त्यावर कित्येकदा काहीच शिल्लक नसे. कामगारांनी त्या दुकानाला ‘प्लक-मी’, म्हणजे ‘मला लुबाड’ असे नावच ठेवले होते. १९२५ च्या वसंतात कंपनीने ही उधारी तोडली आणि संप पेटला. ११ जून रोजी न्यू वॉटरफर्ड येथे विल्यम डेव्हिस हा खाणकामगार गोळीबारात ठार झाला. त्यानंतर लोकांनी ती दुकाने लुटली, जाळली. मच्छीमाराची दशा याहून निराळी नव्हती. जाळे, मीठ, पीठ व्यापाऱ्याकडून उधार आणावयाचे आणि मासळी त्यालाच, त्याने ठरविलेल्या भावात द्यावयाची. आपल्या किनाऱ्यावरील वाचकांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही.

अँटिगोनिश येथील सेंट फ्रान्सिस झेव्हियर विद्यापीठात फादर जिमी टॉम्पकिन्स हे उपप्राचार्य होते. देह किरकोळ, आवाज चिरका, स्वभाव उतावळा. विद्यापीठाने भिंतीबाहेर पडून कष्टकऱ्यांना शिकवावे, हा त्यांचा ध्यास होता. प्रांतातील महाविद्यालये हॅलिफॅक्स येथे एकत्र आणण्याच्या योजनेचा त्यांनी हिरीरीने पुरस्कार केला. बिशप मॉरिसन यांचा त्यास ठाम विरोध होता. १९२२ च्या अखेरीस टॉम्पकिन्स यांची कॅन्सो या मच्छीमारांच्या दूरच्या धर्मग्रामात बदली झाली. बदलीचे पत्र हाती पडल्यावर मनात काय उठते हे आम्हां धर्मगुरूंना कोणी सांगावयास नको! परंतु ज्यांच्यासाठी ते लिहीत-बोलत होते, त्यांच्याच दारात या बदलीने त्यांना नेऊन बसविले. १ जुलै १९२७ रोजी देश आपल्या महासंघाचा हीरकमहोत्सव साजरा करीत असताना कॅन्सोच्या मच्छीमारांनी सभा भरवून विचारले, “आम्ही कशाचा उत्सव करायचा?” त्या प्रश्नाची दखल सरकारला घ्यावी लागली. चौकशी आयोग नेमला गेला. १९२८ मध्ये विद्यापीठाने विस्तार विभाग काढण्याचे ठरवून त्याची सूत्रे फादर मोझेस कोडी यांच्याकडे सोपविली. हे टॉम्पकिन्स यांचेच आतेमामे भावंडांच्या नात्यातले, धिप्पाड आणि घणाघाती आवाजाचे.

कोडी गावात प्रथम मोठी सभा घेत. तेथून लोक पाचदहांच्या लहान मंडळांत वाटले जात आणि आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी स्वयंपाकघरात कंदिलापाशी बसत. आपण काय कमावतो, कोणाला देतो, का देतो, हे आधी कागदावर मांडावयाचे. मग त्यावर वाचन आणि वाद. पतपेढीचा क्रम त्यानंतरचा. १९३२ मध्ये प्रांताने पतपेढ्यांचा कायदा केला, तोवर अनेक गावांत लोकांचा अभ्यास झालेला होता. आठवड्याला थोडके सेंट भरणारे हे सभासद. मत प्रत्येकाला एकच, भाग कितीही असोत. शेजाऱ्याला कर्ज द्यावे की न द्यावे, हे शेजाऱ्यांनीच ठरवावयाचे. सेंट मार्थाच्या धर्मभगिनीही या कार्यात उतरल्या होत्या. त्या दशकाच्या अखेरीस अभ्यासमंडळांची संख्या हजारावर गेली. आमच्या मते चळवळीचा प्राण या स्वयंपाकघरांत होता. पतपेढीच्या इमारती पुष्कळांनी उभारल्या आहेत.

असा वारसा आपल्याकडेही आहे. जर्मनीत रायफायझेन यांनी ग्रामीण पतपेढीचा जो पाया घातला, त्याचाच आदर्श भारतातील १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यामागे होता. रांचीला फादर हॉफमान यांनी १९०९ मध्ये आदिवासी ख्रिस्ती बांधवांसाठी सहकारी पतसंस्था काढली. आपल्या वसईत १९१८ साली मॉन्सेन्यर पी. जे. मोनीस यांनी लावलेले रोप आज बँक होऊन उभे आहे. त्या बँकेत आपल्यापैकी बहुतेकांचे खाते असेल. घरी हिशेबवही किती जणांकडे आहे?

टॉम्पकिन्स १९३५ मध्ये रिझर्व्ह माइन्स या खाणगावात आले. आपल्या निवासस्थानीच त्यांनी ग्रंथालय थाटले. तेथील काही खाणकामगारांना भाड्याच्या कळकट घरांतून बाहेर पडावयाचे होते. अंगात जोर होता, गाठीला पैसा नव्हता. घाई न करता त्यांनी अभ्यासमंडळ काढले. जमीन, कर, कायदा, सांडपाणी, लाकडाचे भाव, कर्जफेड यांचा त्यांनी महिनोन्‌महिने अभ्यास केला, घरांच्या लहान प्रतिकृती केल्या. न्यूयॉर्कहून आलेल्या मेरी अर्नोल्ड या बाई त्यांच्यात राहून मार्गदर्शन करीत होत्या. सरकारी कर्जाला स्वतःच्या श्रमाची जोड देऊन, पाळी संपल्यावर हातात हातोडा घेऊन, १९३८ मध्ये त्यांनी अकरा घरे उभी केली. वस्तीला नाव पडले टॉम्पकिन्सव्हिल.

या इतिहासाला सोन्याचा मुलामा देण्याची आमची इच्छा नाही. गावातल्या पतपेढीला कोळशाचा भाव ठरविता येत नव्हता. पुष्कळ तरुण बेट सोडून गेले, कित्येक सहकारी संस्था मिटल्या, आणि २००१ मध्ये केप ब्रेटनची तोवर चालू राहिलेली शेवटची मोठी कोळसा खाणही बंद झाली. हिशेब शिकलेला मनुष्य सर्व संकटांतून सुटतो, असे कोडीही म्हणत नसत. आपल्याला कोठे नागविले जात आहे, हे मात्र त्याला दिसू लागे.

गेल्या आगमनकाळापासून आमच्या धर्मग्रामात सात कुटुंबे दर गुरुवारी संध्याकाळी बसू लागली आहेत. आरंभी उल्लेखिलेले गृहस्थही येतात. त्यांनी सहा वर्षांचा खर्च आठवून आठवून दोनशे पानी वहीत उतरविला आहे. गेल्या खेपेस एका बहिणीने विचारले, “फादर, सोनं गहाण ठेवून घेतलेल्या कर्जाचं व्याज दर महिन्याला भरलं, की वर्षअखेरीस एकदम भरलं, फरक किती पडतो?” कोणालाच सांगता येईना, आम्हांलाही नाही. तिने पावती आणावयाचे कबूल केले आहे. येत्या गुरुवारी ती फळ्यावर मांडावयाची आहे.