जेंताक, सॉना आणि नीरेकाठचे ऊन

वैशाखात बारामती-इंदापूरच्या श्रोत्यांपुढे घाम काढण्याचे फायदे सांगावयाचे, म्हणजे कित्येकांस ती थट्टाच वाटेल. जेथे वर्षाचा पाऊस जेमतेम वीस इंच आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे, तेथे पैसे मोजून घामाघूम होण्याची हौस कोणास असणार? परंतु फिनलंडातील सॉना-स्नान आता आपल्या शहरांतील व्यायामशाळांत येऊन पोहोचले आहे, आणि त्याची वाखाणणी ऐकताना आम्हांस चरकसंहितेतील स्वेदाध्याय आठवतो.

सूत्रस्थानाच्या या चौदाव्या अध्यायात अग्नीच्या साहाय्याने घाम काढण्याचे तेरा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी ‘जेंताक’ हा तर सॉनाचा सख्खा भाऊच म्हणावा. गावाच्या पूर्वेस किंवा उत्तरेस, जलाशयाच्या काठी, पाण्यापासून सातआठ हातांवर सोळा हातांची वाटोळी मातीची खोली बांधावयाची. आत भिंतीलगत हातभर रुंदीचा ओटा आणि मधोमध पुरुषभर उंचीची, बारीक छिद्रांची मातीची भट्टी. खैराची लाकडे पेटवून धूर निघून गेला, की अंगाला तेल लावून, वस्त्र पांघरून रोग्याने आत जावयाचे. वैद्य त्याला बजावतो, की घेरी आली तरी ओटा सोडू नकोस. सोडलास तर दार सापडणार नाही आणि तेथेच प्राण जाईल. अंग हलके वाटू लागले, की ओट्याच्या कडेकडेनेच दाराशी यावयाचे. बाहेर आल्याबरोबर थंड पाण्याला शिवावयाचे नाही. थकवा उतरल्यावर कोमट पाण्याने स्नान. फिनलंडातील माणूस बर्फगार तळ्यात उडी घेतो, ते चरकाच्या वैद्याला खचितच रुचले नसते.

आम्हांस या अध्यायात मोल वाटते ते त्यातील सावधगिरीचे. गर्भिणी, नित्य मद्य घेणारा, मधुमेही, दुर्बळ, भुकेला, तहानेला, इतकेच काय, रागावलेलासुद्धा, अशांस स्वेद वर्ज्य. हृदयाच्या जागी शेक द्यावयाचा तर सौम्य, नाहीतर मुळीच नाही.

आता आधुनिक पुरावा पाहू. पूर्व फिनलंडातील २३१५ मध्यमवयीन पुरुषांवर सुमारे वीस वर्षे लक्ष ठेवून केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून चार ते सात वेळा सॉना घेणाऱ्यांत हृदय अकस्मात बंद पडून येणारा मृत्यू, एकदाच घेणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी कमी आढळला. आकडा डोळे दिपविणारा खरा. पण ज्याची प्रकृती मुळातच धड तोच वारंवार सॉनात जातो, हीही शक्यता उरतेच. त्याच देशात हाइनोला येथे २०१० साली ११० अंशांच्या सॉनात बसून राहण्याच्या स्पर्धेत एक स्पर्धक दगावला आणि ती स्पर्धा कायमची बंद झाली. ओटा केव्हा सोडावयाचा हे तेथे शरीराने नव्हे, ईर्षेने ठरविले.

याच अध्यायात अग्नीवाचून येणाऱ्या घामाचेही दहा प्रकार आहेत: व्यायाम, जाड पांघरूण, भूक, भय, क्रोध, झुंज, ऊन इत्यादी. ही यादी वाचताना आमच्यापुढे नीरेकाठचा ऊस उभा राहतो. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहू लागला. उसाबरोबर गुऱ्हाळे आली, पुढे कारखाने आले. चुलवाणात चिपाडे सारणारा माणूस, किंवा मार्च-एप्रिलात फडात कोयता चालविणारे जोडपे, यांच्या अंगी व्यायाम, ऊन आणि पुष्कळदा भूक असे तीन स्वेद एकदम घडतात. तहान असता स्वेद देऊ नये, हा नियम फडात कोण पाळणार?

सॉनातला घाम पंधरा-वीस मिनिटांचा आणि दार हाताशी असते; फडातला आठ-दहा तासांचा. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा व एल साल्वादोर या देशांत तरुण ऊसतोड मजुरांची मूत्रपिंडे निकामी होताना आढळली, आणि संशोधक त्याचा संबंध उन्हातील कष्ट व वारंवार पडणारा शोष यांच्याशी लावतात. तेथे काही मळ्यांत सावली, पाणी आणि विश्रांती यांच्या वेळा ठरवून पाहण्यात आल्या.

घाम अति झाल्यास काय करावे, यासाठी चरकाने निराळे औषध दिलेले नाही. ग्रीष्म ऋतूची जी चर्या आधी सांगितली, तीच त्याला द्यावी, असे तो म्हणतो: मधुर, स्निग्ध, शीतल. त्या चर्येत व्यायाम वर्ज्य आहे, आणि दिवसा थंड घरात निजावयास सांगितले आहे.