पंडिता रमाबाईंची शरणागति

पौलानें थेस्सलनीका येथील मंडळीस लिहिलेल्या पत्रांत अखंड प्रार्थना करीत राहण्याचा उपदेश केला आहे. तो आचरणांत कसा आणावा, हा प्रश्न ख्रिस्ती समाजापुढें आरंभापासून उभा आहे. ज्याला नांगर धरावयाचा आहे, दळण दळावयाचें आहे, मुलांस न्हाऊं-जेवूं घालावयाचें आहे, त्यानें अखंड प्रार्थना करावी कशी? चौथ्या शतकांत सिरिया व आशिया मायनर या प्रांतांतील कांहीं साधकांनीं सरळ उत्तर काढलें कीं, हातचें काम टाकून द्यावें आणि केवळ प्रार्थना करावी. या पंथास ४३१ सालच्या इफिसच्या परिषदेनें पाखंडी ठरविलें. त्याच शतकांत मिसर देशाच्या वाळवंटांतील वैरागी ताडाच्या पानांच्या टोपल्या विणीत, विणतां विणतां स्तोत्रें घोळवीत आणि टोपल्या विकून पोट भरीत. चर्चनें आपला म्हणून मानला तो हा दुसरा मार्ग.

याहून बिकट असा आणखी एक प्रश्न आहे. ईश्वरास सर्वस्वीं शरण गेलेल्या मनुष्याच्या स्वतःच्या बुद्धीचें काय होतें? जो एकदां मान तुकवावयास शिकला, तो पुढें गुरूपुढें, धर्माधिकाऱ्यापुढें, राजापुढेंही मान तुकवील, अशी शंका विचारी मनुष्यास येणें साहजिक आहे. या दोन्ही प्रश्नांचा कस लागावा असें एक चरित्र आमच्याच महाराष्ट्रांत घडलें आहे. तें पंडिता रमाबाईंचें. रमाबाईंचें नांव वाचकांस नवें नाहीं. परंतु त्यांची विद्वत्ता, त्यांचे प्रवास व शारदासदन यांविषयीं आपण जितकें ऐकतों, तितकें त्यांच्या आयुष्याच्या प्रार्थनामय उत्तरार्धाविषयीं ऐकत नाहीं. एक पंडिता शेवटीं भक्तींत गढून गेली, एवढें म्हणून आपण पुस्तक मिटतों. आम्हांस वाटतें कीं, त्या उत्तरार्धाकडे पाहिल्याशिवाय पूर्वार्धही नीट समजत नाहीं.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदेस न जुमानतां पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविलें, आणि मातेकडून तें कन्येस मिळालें. तीर्थयात्रा करावी, पुराण सांगावें आणि श्रोते श्रद्धेनें जें देतील त्यावर निर्वाह चालवावा, असा या कुटुंबाचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांत असतांना त्यांस दुष्काळानें गांठलें. जवळचें द्रव्य अनुष्ठानांत व दानधर्मांत सरलें. मजुरी करावी, तर हातचें काम कोणास येत नव्हतें. आणि पोटासाठीं व्यवहारी विद्या शिकणें म्हणजे धर्मास उणेपणा आणणें, अशी घरची समजूत. अरण्यांत झाडपाला खाऊन दिवस काढल्यावर भाऊ श्रीनिवास अखेर वाटेल तें काम करावयास सिद्ध झाला. पण तोंवर फार उशीर झाला होता. वडील, आई व थोरली बहीण अशीं तिघें थोड्या अवकाशांत एकामागून एक गेलीं. मी तुला देवाच्या हातीं सोंपविलें आहे, तूं त्याचीच होऊन राहा, अशा अर्थाचे वडिलांचे अखेरचे शब्द होते, असें रमाबाईंनीं पुढें आपल्या आत्मवृत्तांत नमूद केलें आहे.

ही देखील शरणागतीच होती आणि तींत लटकें असें कांहीं नव्हतें. परंतु हातांस काम न शिकविणारी शरणागति दुष्काळाच्या दिवसांत काय करते, हें रमाबाईंनीं सोळाव्या वर्षीं डोळ्यांनीं पाहिलें. तो दोष हिंदुधर्माचा, असें म्हणणें मात्र बरोबर होणार नाहीं. सांवता माळ्याचा मळा, गोरोबांची माती आणि जनाबाईचें जातें यांस आमच्या संतपरंपरेनें नामस्मरणापासून कधीं वेगळें केलें नाहीं. डोंगऱ्यांच्या घरीं शास्त्र होतें. जातें व माती तेवढीं दूर राहिलीं होतीं.

१८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं रमाबाईंस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्यें भाऊ वारला. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली गृहस्थांशीं त्यांचा विवाह झाला, आणि दोन वर्षांच्या आंत त्या विधवा झाल्या. पुण्यांत आर्य महिला समाज स्थापून १८८३ मध्यें त्या लहानग्या मनोरमेसह इंग्लंडास गेल्या आणि त्याच वर्षाच्या २९ सप्टेंबर रोजीं वाँटेज येथील भगिनींच्या मठांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रांत यावर गहजब झाला. एका विद्वान् स्त्रीनें परक्यांच्या हातीं आपली बुद्धि विकली, असा त्या वेळच्या टीकेचा सूर होता.

त्या काळचा त्यांचा भगिनी जेराल्डीन यांच्याशीं झालेला पत्रव्यवहार छापून प्रसिद्ध आहे. तो वाचणाऱ्यास या टीकेचें हंसूं आल्यावांचून राहणार नाहीं. चर्च सांगतें म्हणून एखादें मत मानावयास रमाबाई तयार नव्हत्या. त्रैक्याच्या सिद्धांताविषयीं त्या शंका काढीत आणि बायबलांत आधार दाखवा म्हणून हटून बसत. क्रुसावर लॅटिन अक्षरें घालण्याची गोष्ट निघाली, तेव्हां लॅटिनच कां आणि संस्कृत कां नको, असा त्यांनीं प्रश्न केला. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयांत त्या असतांना त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांस शिकवूं नये, असें हिंदुस्थानांतील बिशपांचें मत पडलें. तेव्हां स्वदेशीं पुरुषांच्या सभांपुढें आपण बोलत आलों आहों, याची आठवण देऊन रमाबाईंनीं तें मत मानण्याचें नाकारलें. शास्त्र्यांच्या आज्ञेंतून सुटून पाद्र्यांच्या आज्ञेंत जाण्यासाठीं आपण धर्म बदलला नाहीं, असा या सर्व पत्रांचा इत्यर्थ आहे.

मग शरणागति कोठें राहिली? रमाबाईंनींच याचें उत्तर १९०७ च्या ‘माझी साक्ष’ या लहानशा पुस्तकांत दिलें आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षें आपल्यापाशीं ख्रिस्ती धर्म होता, पण ख्रिस्त नव्हता, असें त्यांचें म्हणणें. १८९१ च्या सुमारास हॅस्लम नांवाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचें आत्मचरित्र वाचून त्यांच्या मनास धक्का बसला. सिद्धांत पटणें निराळें आणि आपला सर्व भार दुसऱ्यावर टाकणें निराळें, हें त्यांस उमगलें. या दुसऱ्या घटनेस समारंभ नव्हता, साक्षीदार नव्हते. तरीही त्यांच्या चरित्रांतला खरा पालट आम्ही १८८३ चा न मानतां हाच मानतों.

या पालटाचा पहिला आघात शारदासदनावर झाला. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत उघडलेली व पुढल्या वर्षीं पुण्यास आणलेली ही विधवांची शाळा धर्माच्या बाबतींत तटस्थ राहावयाची होती. रानडे, भांडारकर यांसारखीं माणसें तिच्या सल्लागार मंडळांत होतीं. गोदूबाई, म्हणजे पुढें अण्णासाहेब कर्व्यांशीं पुनर्विवाह करून आनंदीबाई झालेल्या, या तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. त्या अखेरपर्यंत हिंदूच राहिल्या. रमाबाई आपल्या खोलींत मनोरमेसह प्रार्थना करीत आणि खोलीचें दार उघडें ठेवीत. कांहीं मुली आपण होऊन आंत येऊन बसूं लागल्या. ‘केसरी’नें टीकेची झोड उठविली, आणि १८९३ मध्यें सल्लागारांनीं राजीनामे दिले. पालकांनीं विश्वासानें धाडलेल्या अल्पवयी मुली एका प्रेमळ शिक्षिकेच्या प्रार्थनेकडे ओढल्या जाव्यात, यांत विश्वासभंग आहे, हें सल्लागारांचें म्हणणें आम्हांस आजही निराधार वाटत नाहीं. रमाबाईंची बाजू अशी कीं, हिंदु मुलीस आपली पूजाअर्चा करण्याची मोकळीक असतां मी माझ्याच घरांत दार लावून कां प्रार्थना करावी? तटस्थतेचा करार करणाऱ्या कोणाच्याच ध्यानांत एक गोष्ट आली नव्हती. जी प्रार्थना दिवसांतून दोन घटका करावयाची असते, तिला खोलींत कोंडतां येतें. जी माणसाच्या बोलण्याचालण्यांत, स्वयंपाकांत व शिकविण्यांत मुरली आहे, तिला कोणतें दार लावावें?

१८९६ सालीं लोणावळ्यास भरलेल्या ख्रिस्ती मेळाव्यास रमाबाई आपल्या १५ मुलींसह गेल्या होत्या. या संख्येचा वर्ग करून २२५ मुली दे, अशी त्यांनीं तेथें देवापाशीं मागणी केली. संख्येचा हिशेब घालून केलेलें हें मागणें आमच्या मनास जरा चमत्कारिक वाटतें. पण त्याच वर्षाच्या अखेरीस मध्यप्रांतांत दुष्काळ पडला, आणि रमाबाई देव मुली आणून देईल म्हणून वाट पाहत बसल्या नाहींत. त्या स्वतः दुष्काळी मुलखांत हिंडल्या आणि सुमारें ३०० मुली व बायका घेऊन आल्या. १८७४ चें अरण्य त्या विसरल्या नव्हत्या, हें त्यांनीं त्या वेळीं लिहिलेल्या आठवणींवरून स्पष्ट दिसतें. पुण्यांत प्लेगमुळें इतक्या जणींस ठेवणें अशक्य झालें, तेव्हां पुण्यापासून सुमारें ३४ मैलांवर केडगांव येथें फळबागेसाठीं घेतलेल्या जमिनीवर तंबू व झोंपड्या उभ्या राहिल्या. त्यांतून ‘मुक्ति’ निर्माण झाली. त्याच प्लेगाच्या धामधुमींत, १८९७ मध्यें, सरकारी प्लेग-छावणींत बायकांची होणारी हेळसांड त्यांनीं ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रांत उघड केली आणि गव्हर्नरसाहेबांचा रोष ओढवून घेतला. देवापुढें नमणारी ही बाई ख्रिस्ती सरकारापुढेंही नमली नाहीं.

मुक्तीच्या व्यवहारांत ब्रिस्टल येथील जॉर्ज म्यूलर यांचा कित्ता त्यांच्या डोळ्यांपुढें होता. मूळच्या जर्मन असलेल्या या गृहस्थांनीं १८३६ सालीं अनाथगृह काढलें आणि पुढें २००० मुलांची सोय होईल एवढीं घरें बांधलीं. गरज सांगावयाची ती देवास, माणसापाशीं पैसा मागावयाचा नाहीं, हा त्यांचा बाणा. इंग्लंडांत जें घडलें, तें हिंदुस्थानांत घडेल काय, हा विचार रमाबाईंच्या मनांत त्यांचें चरित्र वाचून आला. आणि अमेरिकेंतील मंडळानें कबूल केलेली दहा वर्षांची मदत १८९८ सालीं संपावयाची असल्यामुळें तो विचार नुसता पुस्तकी नव्हता. म्यूलर दरसाल आपले अहवाल छापीत आणि केडगांवाहून ‘मुक्ति प्रेयर बेल’ हें इंग्रजी पत्रक निघे. छापून कळविलेली गरज ही मागणीच नव्हे काय, असें कोणी विचारल्यास आमच्यापाशीं त्याचें समाधानकारक उत्तर नाहीं. तरी एवढें खरें कीं, १९०० सालीं गुजराथच्या दुष्काळानंतर मुक्तींतील माणसें दोन हजारांच्या घरांत गेलीं, आणि उद्यांच्या धान्याची तरतूद आधीं करून मग माणसें घ्यावयाचीं, हा शहाणपणाचा नियम रमाबाईंनीं पाळला असता, तर त्यांतील कितीतरी जणी वांचल्या नसत्या.

आणि तेथें नुसती प्रार्थना चालत नव्हती. प्रार्थनेची घंटा होई तशी कामाचीही होई. विहिरी खणल्या गेल्या, शेत पिकूं लागलें. माग, तेलाचा घाणा, गाईम्हशी, छापखाना हीं सर्व बायकांच्या हातीं आलीं. आंधळ्यांस ब्रेल लिपि शिकविण्याची सोय झाली. ज्या कुटुंबास मजुरी येत नव्हती म्हणून अरण्यांत मरावें लागलें, त्या कुटुंबांतील वांचलेल्या मुलीनें आपल्या आश्रमांत एकही हात रिकामा ठेवला नाहीं.

येथें एक जड आक्षेप उभा राहतो. भुकेल्या मुलीस धर्म निवडण्याचें स्वातंत्र्य कितपत असतें? रमाबाईंनीं स्वतः पंचविसाव्या वर्षीं, शास्त्रें धुंडाळून, बिशपांशीं भांडून आपला मार्ग ठरविला. केडगांवीं आलेल्या दहा वर्षांच्या मुलीस तशी संधि कोठून मिळणार? हा आक्षेप आम्ही खोडून काढूं शकत नाहीं आणि काढूं इच्छीतही नाहीं. मात्र तो घेणाऱ्यानें आणखी एक प्रश्न स्वतःस विचारावा: त्या मुली वाटेवर पडल्या होत्या, तेव्हां आपल्यापैकीं कितीजण तेथें गेले होते?

१९०५ च्या जानेवारींत कांहीं बायका रोज एकत्र जमून प्रार्थना करूं लागल्या. जमणाऱ्यांची संख्या वाढत गेली, आणि जूनच्या अखेरीस मुक्तींत भक्तीची मोठी लाट उसळली. शेंकडों मुली एकदम मोठ्यानें प्रार्थना करीत, रडत, पापें कबूल करीत. कांहीं युरोपियन मिशनऱ्यांसही हा गलबला रुचला नाहीं. आमच्या स्वभावासही तो मानवत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. पण रमाबाईंनीं दिलेलें उत्तर ध्यानांत धरण्याजोगें आहे. हिंदी बायकांस त्यांच्या स्वभावास साजेल अशा रीतीनें देवास हांक मारूं द्या, पाश्चात्त्यांच्या शांत रीतीचें माप त्यांस लावूं नका, असा त्याचा आशय होता. वाँटेजच्या मठांत लॅटिनवर आक्षेप घेणारी बाई वीस वर्षांच्या प्रार्थनेनंतरही तीच राहिली होती.

पालटली ती एकाच बाबतींत. अखेरचीं कित्येक वर्षें त्यांनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषा अभ्यासून बायबलाचें मराठी भाषांतर करण्यांत घालविलीं. तोंवर प्रचारांत असलेल्या भाषांतराची भाषा खेड्यांतील अडाणी बायकांस कळत नाहीं, हें त्यांनीं पाहिलें होतें. म्हणून जी वाणी त्यांच्या वडिलांनीं निंदा सोसून घरांत आणली, जिच्यामुळें कलकत्त्यास मान मिळाला, जिची अक्षरें क्रुसावर असावींत असा त्यांनीं एके काळीं आग्रह धरला, त्या संस्कृताचा थाट त्यांनीं या भाषांतरांतून बुद्धिपुरस्सर काढून टाकला. बिशपांनीं मागितलें असतें, तर त्यांनीं तें खचित दिलें नसतें. केडगांवच्या बायकांसाठीं तें त्यांनीं कोणी न मागतां दिलें.

१९२१ सालीं मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई गेल्या. त्यापूर्वीं भाषांतराचें अखेरचें तपासणें त्यांनीं हातावेगळें केलें होतें, असें सांगतात. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्यें मुक्तीच्याच छापखान्यांत छापून निघाला. तेथें खिळे जुळविणाऱ्या व कागद मोडणाऱ्या बायकांत दुष्काळांतून आलेल्या मुली होत्या. वाचकांपैकीं कोणी सोलापूरच्या वाटेनें जात असल्यास केडगांव स्टेशनावर अवश्य उतरावें. संस्था अद्यापि चालू आहे.