युरोपातल्या पोलाद कारखान्यांचं नियोजन वीस-तीस वर्षांचं का असतं?

झोतभट्टी एकदा पेटली की रात्रंदिवस, वर्षानुवर्षं धगधगत राहते. साधारण १५ ते २० वर्षांनी तिच्या आतलं विटांचं अस्तर झिजतं, तेव्हा ती थंड करून दुरुस्त करावी लागते. मालकाला निवड करायची खरी संधी तेवढीच. पुन्हा कोळशाचीच भट्टी उभी करायची, की दुसरं काही? तेव्हा घेतलेला निर्णय पुढची वीस वर्षं निस्तरावा लागतो. त्यामुळे पोलादातलं संशोधन दोन-चार वर्षांच्या हिशेबाने चालत नाही.

युरोपात याची सुरुवात १९५१ साली झाली. फ्रान्स, पश्चिम जर्मनीसह सहा देशांनी कोळसा आणि पोलाद यांचा सामाईक बाजार उभारण्याचा करार केला. कारखान्यांच्या उत्पादनावर छोटा कर लागायचा, त्यातला काही पैसा संशोधनाला जायचा. करार ५० वर्षांचाच होता, तो २३ जुलै २००२ ला संपला. गंमत म्हणजे तिजोरीत उरलेली रक्कम देशांनी वाटून घेतली नाही. तिचा ‘कोळसा व पोलाद संशोधन निधी’ झाला. मुद्दल गुंतवायचं आणि उत्पन्नातून प्रयोगांना पैसे द्यायचे, अशी सोय झाली. २०२१ पासून मुद्दलातूनही पैसे काढायला परवानगी मिळाली.

२००४ मध्ये कंपन्या, विद्यापीठं आणि संशोधन संस्था ‘एस्टेप’ या व्यासपीठावर एकत्र आल्या आणि २०३० पर्यंतचा आराखडा मांडला. त्याच वर्षी ‘उल्कॉस’ प्रकल्प सुरू झाला. १५ देशांतल्या ४८ कंपन्या आणि संस्था त्यात होत्या. ध्येय एकच, कार्बन डायऑक्साइड निम्म्यावर आणायचा.

हे अवघड का आहे? लोहखनिज म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन यांचं संयुग. त्यातला ऑक्सिजन ओढून घ्यायला कोळशातला कार्बन लागतो आणि त्यातूनच कार्बन डायऑक्साइड तयार होतो. टनभर पोलादामागे जवळपास दोन टन! म्हणजे नुसती वीज वाचवून भागत नाही, रसायनच बदलावं लागतं.

‘उल्कॉस’मध्ये एक युक्ती निघाली. भट्टीच्या माथ्यावरून निघणाऱ्या वायूतला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायचा आणि उरलेला वायू पुन्हा भट्टीतच सोडायचा. स्वीडनमधल्या लूलिओच्या छोट्या प्रायोगिक भट्टीत ती चालली. पुढची पायरी फ्रान्समधल्या फ्लोराँजला होणार होती. तिथल्या भट्ट्या २०११ पासून बंद होत्या आणि कामगारांची सगळी आशा या प्रकल्पावर होती. २०१२ च्या अखेरीस आर्सेलर-मित्तलने माघार घेतली. भट्ट्या पुन्हा पेटल्या नाहीत.

‘उल्कॉस’मधलीच ‘हायसार्ना’ नावाची दुसरी भट्टी नेदरलँड्समधल्या आयमाउडनला उभी राहिली, तीही आपल्या टाटा स्टीलच्या कारखान्यात.

आता भर हायड्रोजनवर आहे. त्याने ऑक्सिजन ओढला की धुराऐवजी पाण्याची वाफ निघते. स्वीडनच्या ‘हायब्रिट’ प्रकल्पाने २०२१ मध्ये असं पोलाद व्होल्वोला दिलंही. त्याच वर्षी युरोपीय संघ आणि पोलाद उद्योग यांची ‘क्लीन स्टील’ भागीदारी सुरू झाली. संघाचे ७० कोटी युरो आणि उद्योगाचे १०० कोटी, असा तिचा आकडा ठरला.

पण गाडी अडते ती नेहमीच्याच ठिकाणी. जून २०२५ मध्ये आर्सेलर-मित्तलने जर्मनीतल्या ब्रेमेन आणि आयझनह्युटनश्टाट इथले कोळसामुक्तीचे प्रकल्प थांबवले आणि १३० कोटी युरोंच्या सरकारी मदतीवर पाणी सोडलं. वीज महाग, स्वच्छ हायड्रोजन पुरेसा नाही आणि बाहेरून स्वस्त पोलाद येतंय. आराखड्यात प्रयोगाला पैसे असतात. कारखाना उभा राहिल्यावर रोजची वीज कोणत्या भावाने मिळणार, हे तो आराखडा ठरवू शकत नाही.

स्वस्त आयातीवर युरोपने काढलेला उपाय म्हणजे सीमेवरचा कार्बन आकार. तो १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला आहे. त्यामुळे भारतातून तिकडे जाणाऱ्या पोलादाचाही धूर आता मोजला जातो.