उसात सापडलेले बछडे खरंच अनाथ असतात का? आणि मदत करायची तर कशी?

ऊसतोड सुरू झाली की जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरकडून एक व्हिडिओ हमखास येतो. पाचटात मांजरीएवढे दोन-तीन बछडे, भोवती माणसांचं कोंडाळं आणि खाली कमेंट, "बिचारे अनाथ झाले. आम्ही चाकणलाच असतो, सांभाळायला येऊ का?"

भावना चांगली आहे. पण 'अनाथ' हा शब्द बहुतेक वेळा चुकतो.

होतं असं की या पट्ट्यात बिबट्याच्या माद्या उसातच वितात. महिनोन्‌महिने उभं पीक, आडोसा, पाणी आणि आसपास कुत्री-शेळ्या. मादी पिल्लं ठेवून शिकारीला गेलेली असते आणि इकडे कोयते येऊन पोचतात. लोक पिल्लं उचलतात, रात्री मादी येते तेव्हा जागा रिकामी. मग ती तिथेच घुटमळते, चवताळते. ज्या गावांनी बिबट्याच्या हल्ल्यात आपली पोरं गमावली आहेत, तिथे हा धोका साधा नाही.

म्हणून तोड थांबवायची, लांब व्हायचं आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करायचा. जुन्नरजवळ माणिकडोहला वन विभागाचं बिबट निवारा केंद्र आहे. तिथे २००७ पासून वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था काम करते. त्यांचे डॉक्टर पिल्लं तपासतात आणि अंधार पडायच्या बेताला ती सापडलेल्या जागीच क्रेटमध्ये ठेवली जातात. कॅमेरे लावून सगळे मागे सरकतात. मादी येते, क्रेट आडवा पाडते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. पहिल्या रात्री नाही आली, तर दुसऱ्या रात्री पुन्हा तोच खटाटोप.

कित्येकदा तर पिल्लं बिबट्याची नसतातच. रानमांजराची किंवा वाघाटीची असतात. वाघाटी म्हणजे आपल्या घरच्या मांजरीपेक्षाही लहान रानटी मांजर. त्यांनाही असंच आईकडे सोडतात.

मादी आलीच नाही तर? बिबट्याची आई पिल्लांना दीड-दोन वर्षं सोबत ठेवून शिकार शिकवते. माणसाच्या हातावर वाढलेल्याला ते येत नाही आणि त्याची माणसाची भीतीही जाते. असं जनावर पुन्हा सोडता येत नाही, जन्म पिंजऱ्यात जातो. लाडाने कुशीत घेतल्याची ही किंमत.

आता स्वयंसेवकाचं काम. पिंपरी-चिंचवडकरांना जवळ पडतं ते बावधनचं वन्यप्राणी उपचार केंद्र. वन विभागाचं हे केंद्र रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टच्या साथीने चालतं. अशा केंद्रांत नवख्याच्या वाट्याला प्राणी येत नाहीत. भांडी घासणं, कापड धुणं, खाणं चिरणं, नोंदी ठेवणं, फोन घेणं, जखमी पक्षी गाडीतून पोचवणं, हेच काम. कंटाळवाणं आहे, पण संस्था त्यावरच चालते. प्राणी हाताळायची वेळ आलीच तर आधी प्रशिक्षण आणि रेबीजची लस. चाळीस जणांची सीएसआर सहल नेण्यापेक्षा दर रविवारी न चुकता येणारा एक माणूस तिथे जास्त उपयोगी.

आणि जिथे पहिल्याच दिवशी पिल्लू मांडीवर देऊन सेल्फी काढू देतात, तिथून सरळ परत फिरा.

घरी आणून वाढवायचा विचार असेल तर तोही सोडा. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, थेट तुरुंगवास होऊ शकतो.

सोसायटीत प्रसंग येतो तो बहुधा खारीचा किंवा गव्हाणी घुबडाचा. पिल्लू धडधाकट असेल आणि घरटं दिसत असेल तर ते परत तिथेच ठेवा, पक्ष्याला माणसाचा वास लागला म्हणून आई टाकून देते हे खरं नाही. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात मऊ कापडावर, अंधारात ठेवा आणि १९२६ ला फोन करा. गाईचं दूध पाजू नका. पोट बिघडतं, आणि उताणं धरून ड्रॉपरने पाजलं तर दूध फुप्फुसात जातं.