धोकासूचक दिवे

धोकासूचक दिवे : रस्त्यावर बंद पडलेल्या वाहनाची सूचना इतर चालकांना देण्यासाठी एकाच वेळी उघडझाप करणारे वाहनाचे पुढील व मागील वळणदर्शक दिवे. पूर्वी अशा वाहनामागे लाल कंदील, लाल निशाण वा पेटता पलिता ठेवीत. उघडझाप करणारे वळणदर्शक दिवे रूढ झाल्यावर ते सर्व एकाच बटणाने लावण्याची सोय झाली. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या संघीय सुरक्षा मानक क्र. १०८ अन्वये ती नव्या मोटारगाड्यांना आवश्यक ठरली. एंजिन बंद असतानाही हे दिवे चालतात.

‘वाहन थांबले आहे’ हा या इशाऱ्याचा मूळ अर्थ होय. ब्रिटनच्या १९८९ च्या वाहन-प्रकाश विनियमांनुसार, जलद वाहतुकीच्या दुहेरी मार्गांवर पुढे तात्पुरता अडथळा असल्यास मागील चालकांना सावध करण्यासाठी ते चालत्या वाहनातही लावता येतात. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात चालत्या वाहनातील वापरास सर्वसाधारणपणे मनाई होती, १ जुलै २०२१ पासून ताशी ५५ मैल (सु. ८८·५ किमी.) वा अधिक वेगमर्यादेच्या रस्त्यांवर, दृश्यमानता अत्यंत कमी असताना, तो वैध ठरला.

भारतात पावसात, धुक्यात व बोगद्यांत चालत्या वाहनाचे हे दिवे लावण्याचा प्रघात आढळतो. त्यामुळे बहुतेक वाहनांत वळणाचा इशारा देता येत नाही. शिवाय चालते वाहन कोणते व थांबलेले कोणते, हे मागून येणाऱ्यास कळत नाही. बंद पडलेल्या वाहनातील माणसांचे रक्षण ज्या इशाऱ्यावर अवलंबून असते, त्याचा अर्थच अशाने लोपतो. धुक्यात पुढील दिव्यांचा मंद झोत व धुक्याचे दिवे वापरून वेग कमी करणे इष्ट असते.