अंगणवाडीतले अंगण

दसरा उलटला की आमच्या तलवाड्याच्या परिसरातून, नव्हे साऱ्या गेवराई तालुक्यातून, कोयते बाहेर पडतात. 'कोयता' म्हणजे इथे केवळ हत्यार नव्हे. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीलाही हेच नाव आहे. या जोडीबरोबर जे तीन-चार वर्षांचे पोर जाते, त्याची मोजदाद त्या हिशेबात नसते. गावातील अंगणवाडीच्या पटावर मात्र त्याचे नाव असते. त्या पटावरचा 'अंगणवाडी' हा शब्द आपण आता सरकारी शब्द म्हणूनच वाचतो. त्याला एक इतिहास आहे, आणि तो मुळात मुलांच्या हालचालीचा व खेळाचा इतिहास आहे, हे सहसा आठवत नाही.

१९०७ साली रोममधील एका गरीब वस्तीत मारिया माँटेसरी यांनी बालगृह उघडले. मुलाचा हात आणि त्याची बुद्धी एकत्रच वाढतात, तेव्हा त्याला जखडून शिकवता येणार नाही, हा त्यांचा आग्रह. झाडणे, पाणी ओतणे, जमिनीवरच्या रेषेवरून तोल सांभाळत चालणे हाच त्यांच्या शाळेतला अभ्यास. गिजुभाई बधेका यांनी हा विचार १९२० साली भावनगरच्या बालमंदिरात आणला. तिथे त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी तो १९३६ साली दादरच्या शिशुविहारात रुजवला. परंतु लाकडी, महागड्या साधनांचे हे शिक्षण शहरी मध्यमवर्गाच्या पलीकडे जात नव्हते. ही खंत ताराबाईंना स्वस्थ बसू देईना.

१९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. (बोर्डी आज पालघर जिल्ह्यात आहे.) अनुताई वाघ तेव्हापासूनच त्यांच्यासोबत होत्या. बालवाडी निघाली, पण दलित वस्तीतील मुले तिथे येईनात. मग शाळाच त्यांच्या अंगणात गेली. अंगणवाडी ती हीच. शिंपले, बिया, पाने, गोटे ही तिथली साधने. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा निघाली. आम्हाला यातले मोठेपण स्वस्त साधनांत दिसत नाही. मूल जिथे धावते, चढते, वाकते, तीच जागा शिकण्याची मानली गेली, हे मोठे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. पोषण, लसीकरण, आरोग्यतपासणी अशी अनेक कामे तिच्यावर आली. ती आवश्यकच होती, आणि अल्प मानधनावर ती पेलणाऱ्या सेविकांना दोष देण्यात अर्थ नाही. पण या धबडग्यात नाव उरले आणि अंगण आक्रसले. एका खोलीत बाराखडी घोकणारी मुले पाहून पालकही समाधान पावतात. 'हाताची घडी, तोंडावर बोट' ही आपल्या शिक्षणाची पहिली आज्ञा आहे; 'आधी अभ्यास, मग खेळ' ही दुसरी. वास्तविक पेन्सिल धरणाऱ्या बोटांच्या आधी पाठ, खांदा, मनगट यांत जोर यावा लागतो, आणि तो लोंबकळण्यातून, मातीत उकरण्यातून येतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयासाठी खेळाधारित शिक्षण सांगितले, तेव्हा अनेकांना ते नवे वाटले! बोर्डीला तोवर पंचाहत्तर वर्षे झाली होती.

फडातल्या पोराला मोकळी जागा भरपूर असते, असे कोणी म्हणेल. ते खरे नाही. तिथे कोयते चालत असतात, ट्रॅक्टर मागेपुढे होत असतात, साप-विंचवाचे भय असते. म्हणून रांगते मूल झोळीत राहते आणि चालते मूल मोळ्यांच्या कडेला बसवलेले असते. आई मोळी बांधता बांधता त्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते : हलू नकोस. साखरशाळा निघाल्या त्या मुख्यतः त्याच्या थोरल्या भावंडांसाठी. कुरणात जशी शाळा गेली, तशी फडाच्या बांधावर या वयाच्या मुलांची वाडी फारशी गेली नाही. तलवाड्यातल्या पटावर त्याचे नाव असते, आणि ते परतते तेव्हा उन्हाळा लागलेला असतो.