पोत, पदर, वीण

मराठीत 'विणणे' या एकाच क्रियापदावर फार मोठा भार आहे. मागावर लुगडे विणले जाते, सुयांवर स्वेटर विणला जातो; बाज विणतात, टोपली विणतात, कोळीसुद्धा जाळे विणतो. इंग्रजी भाषेने मागावरच्या आणि सुयांवरच्या कामाला दोन वेगळी क्रियापदे दिली. मराठीने तसे केले नाही, आणि एरवी त्यात तक्रार करण्याजोगे काही नाही. पण आपण समीक्षक मंडळी जेव्हा 'कादंबरीची वीण घट्ट आहे' किंवा 'शेवटी कथेची वीण उसवते' असे लिहितो, तेव्हा मनात नेमकी कोणती वीण असते? प्रश्न शब्दच्छलाचा वाटेल. मात्र त्याचा पाठपुरावा केला, तर कापडाच्या इतिहासाबरोबरच 'मिसळणे' या कल्पनेविषयीही काही हाती लागते.

मागावर दोन सुते असतात. ताणा आधी ताणून बसवलेला असतो. कापडाची रुंदी आणि उभे रंग त्यानेच ठरवून टाकलेले असतात. बाणा धोट्याबरोबर आडवा जातो आणि परत येतो. सुयांवरच्या कामात ताणा नाही, बाणा नाही. एकच धागा, एका फासातून दुसरा फास, सुलट टाका, उलट टाका. म्हणून त्या विणकामाचे मोकळे टोक ओढले की ओळीमागून ओळ सुटत जाते, आणि लोकर गुंडाळून तिचे पुन्हा नवे काही करता येते. मागावरचे कापड असे सुटत नाही; ते विरते, किंवा फाटते. तेव्हा 'घट्ट वीण' हे बहुधा मागाचे रूपक आहे आणि 'वीण उसवणे' हे सुयांचे किंवा शिवणीचे. एकाच परिच्छेदात दोन्ही वापरणारा समीक्षक नकळत माग सोडून सुया हाती घेत असतो.

या सुया आपल्याकडे तशा अलीकडच्या. सुयांवर विणलेल्या वस्तूंचे जुने अवशेष इजिप्तमध्ये सापडले आहेत आणि ते साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकांतले मानले जातात. इंग्लंडात १५८९ साली विल्यम ली याने मोजे विणण्याचे यंत्र बनवले. महाराष्ट्रात हे काम रुजले ते एकोणिसाव्या शतकात, मिशनऱ्यांच्या आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या घरांतून, आणि मुख्यतः मुलींच्या शाळांतून. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार १८२७ साली मुंबईत आल्या. त्यांच्यासारख्या शिक्षिकांच्या पिढ्यांनी मुलींच्या शिक्षणाची जी घडी बसवली, तिच्यात पाटीपुस्तकाबरोबर सुईदोराही होता. पुढे १८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले, तेव्हा टिळकांच्या बाजूची तक्रारच अशी होती की तिथे इंग्रजी विद्या फार आणि गृहोपयोगी शिक्षण कमी. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनात हीच हस्तकला निराधार स्त्रीच्या पोटापाण्याचे साधन म्हणून शिकवली गेली. म्हणजे एकच कौशल्य कोणाला स्त्रीला घरात ठेवण्यासाठी हवे होते आणि कोणाला तिला स्वतःच्या पायांवर उभे करण्यासाठी. ते परके आहे याची आठवण मात्र भाषेने ठेवली नाही. क्रियापद मागाकडून घेतले, 'टाका' शिवणाकडून, आणि 'लोकर' धनगरांकडून.

विणकामाचा छंद असणाऱ्या स्त्रिया आज दोन रंगांचे धागे एकत्र धरून विणतात, ओळीमागून ओळ एकेक धागा बदलत निळ्याचा हिरवा करत नेतात. हे रंग मिसळणे धाग्यांच्या इतिहासात तीन निरनिराळ्या टप्प्यांवर घडत आले आहे: तंतूत, पिळात आणि विणीत. समीक्षेचे आपले तीन लाडके शब्द, पोत, पदर आणि वीण, या तीन टप्प्यांशी बरेचसे जुळतात.

पहिला टप्पा तंतूचा. घोंगडीचा रंग पारंपरिक पद्धतीत रंगाऱ्याकडून येत नाही, तो मेंढीकडून येतो. दख्खनी मेंढीची काळी, पांढरी, तपकिरी लोकर कातरायची, पिंजायची, कातायची. काळी आणि पांढरी एकत्र पिंजली की करडी तयार होते. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, जिला जावळ म्हणतात, ती सर्वांत मऊ. सूत कातण्याचे काम पुष्कळदा धनगर स्त्रियांचे, मागावर बसणारे सनगर किंवा खुटेकर, आणि सुताला खळ चिंचोक्यांची. ही घोंगडी खंडोबा-बिरोबाच्या उपासनेत आहे, संतांच्या रूपकांत आहे आणि आपल्या 'भिजत घोंगड्या'तही आहे. पिंजताना एकजीव झालेल्या त्या करड्या रंगातून काळा पुन्हा वेगळा काढता येत नाही. मिश्रणाची ही सर्वांत खोल आणि न परतणारी जात.

दुसरा टप्पा पिळाचा. दोन-तीन सुते एकत्र पिळली की बहुपदरी धागा होतो. 'कथेला अनेक पदर आहेत' असे म्हणताना डोळ्यांपुढे साडीचा पदर येत असेल, पण अर्थ या पदराचा असतो. इथे प्रत्येक सूत आपला रंग राखून असते. पीळ उलटा फिरवला तर पदर सुटेही होतात, मात्र पिळाची सवय त्यांच्या अंगात उरते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण सहसा अडेलपणाबद्दल वापरली जाते. तिच्यामागचे निरीक्षण मात्र दोरी वळणाऱ्याचे आहे.

तिसरा टप्पा विणीचा. पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, म्हणून साडी हलली की रंग बदलतो. तिला धूपछाव म्हणतात. औरंगाबादच्या हिमरूत सूत आणि रेशीम एकत्र नांदतात. मशरूमध्ये रेशीम वर आणि सूत अंगाकडे असते. पुरुषांनी शुद्ध रेशीम अंगाला लावू नये या इस्लामी संकेतातून ही युक्ती निघाली असे सांगतात, आणि त्या नावाचा अर्थही 'धर्माला मान्य' असाच. इरकली लुगड्यात तर अंगाचा सुती ताणा आणि पदराचा रेशमी ताणा फासात फास अडकवून जोडतात. म्हणजे दोन सुयांच्या कितीतरी आधी फासाची करामत मागावर हजर होती. या सगळ्या मिश्रणांत कोणताही धागा दुसऱ्यात विरघळत नाही. नवा रंग दिसतो तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांत.

आता चिखलोलीच्या परिसराकडे वळू. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यामधल्या या गावाभोवतीचे उल्हासचे खोरे कापडाच्या विसाव्या शतकाचे एक छोटे संग्रहालयच आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा शिलालेख आहे. त्या मंदिराजवळून वालधुनी वाहते. तिच्या काठी पुढे, महायुद्धकाळातल्या लष्करी छावण्यांत, फाळणीनंतर नव्वद हजारांहून अधिक सिंधी निर्वासित येऊन राहिले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. शेजारी शहाडला लाकडाच्या लगद्यापासून रेयॉनचे सूत काढणारा कारखाना उभा राहिला. त्या सुताला लोक कृत्रिम रेशीम म्हणत. पुढे उल्हासनगर जीन्सच्या व्यवसायासाठी ओळखले जाऊ लागले.

जीन्सचे कापड पाहा. ताणा निळा, बाणा पांढरा. रचनेने ती धूपछावीची दूरची बहीण. नीळ सुतावर वरवर बसते, गाभा पांढराच राहतो, आणि धुऊन धुऊन तो दिसू लागतो. हे विटणेच पुढे फॅशन झाले. मग कापड विकण्याआधी विटवण्याचे काम धुलाईच्या कारखान्यांकडे आले, आणि कापडातून निघालेला रंग वर्षानुवर्षे वालधुनीत गेला. नदीत मिसळलेला रंग मात्र वरच्या तीनपैकी कोणत्याही टप्प्यात बसत नाही. त्याला पोत नाही, पदर नाही, वीण नाही; आणि तो विणण्याची कोणाची इच्छाही नव्हती. मिश्रणाविषयी आपण जे कौतुकाने लिहितो, त्यात या चौथ्या प्रकारासाठी शब्द ठेवलेला नाही.

याच खोऱ्यात आगरी, कोळी, ठाकूर, सिंधी आणि घाटावरून व परप्रांतांतून आलेले कामगार शेजारी शेजारी राहतात. अशा वस्तीवर लिहिलेल्या कथा-कादंबऱ्यांना आपण 'संमिश्र संस्कृतीचे चित्रण' असे लेबल लावतो आणि पुढे जातो. तिथेच थांबून विचारायला हवे की हे मिश्रण कोणत्या टप्प्यावरचे आहे. माणसे करड्या लोकरीसारखी एकजीव झाली आहेत का? पदरांसारखी एकमेकांभोवती पिळली गेली आहेत का? की ताण्याबाण्यासारखी क्षणोक्षणी एकमेकांना छेदत आपापला रंग राखून आहेत? सिंधी घरात बोलली जाणारी मराठी, बाजारात मराठी माणसाच्या तोंडी बसलेली हिंदी, आणि दोघांच्याही मुलांची तिसरीच भाषा, या तिन्ही गोष्टी एका 'संमिश्र'मध्ये कोंबल्या की वाचन भोंगळ होते.

म्हणून विद्यार्थ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते: पुढच्या निबंधात 'वीण' हा शब्द लिहिण्याआधी एखाद्या विणकराशेजारी, नाहीतर स्वेटर विणणाऱ्या आजीशेजारी, अर्धा तास बसा. ताणा कोणी बसवला, सूत कोणी कातले, सुटलेला टाका कोण उचलून घेते, हे पाहा. रूपक तरीही वापराल, पण त्यातल्या हातांसकट.